वितळून राहिला

भावनाच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. दुपारचे अडीच वाजले होते, माझा नववीचा तास चालू होता आणि शेजारच्या खोलीतून काहीही आवाज येत नव्हता. आवाज आला की मास्तरीण भांडायला जाते हे जगाला ठाऊक आहे. मी शांततेवर भांडायला निघाले होते. त्या खोलीत दहावीची अकरा मुलं होती, त्यातली चार अशी की पाच मिनिटं एका जागी बसणं त्यांना जमत नाही, आणि खोली गप्प? मला वाटलं, ही पोरांना सोडून चहाला गेली.

दार ढकललं तर सगळे फरशीवर बसलेले. खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत पडला होता आणि त्याच्या कडेला खडूची रेघ मारलेली होती. ऊन त्या रेघेपासून जेमतेम दोन बोटं पुढे गेलं होतं. भावना मुलांच्या मधोमध मांडी घालून बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, चप्पल बाहेर काढा ना. ऊन सरकून राहिलं, आम्ही पाहून राहिलो."

मी मराठीची शिक्षिका. "सरकून राहिलं नाही, सरकत आहे," असं तिथल्या तिथे म्हणाले. ती हसली आणि बाजूला होऊन मला जागा दिली. मी बसले. किती वेळ बसले ते आठवत नाही. उन्हात धुळीचे कण वर-खाली तरंगत होते, कुणाच्या तरी श्वासाने वळत होते, पलीकडे माझा वर्ग बोंबलत होता आणि मी फरशीकडे बघत होते. उठले तेव्हा कशावर भांडायचं होतं तेच विसरले होते.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हापासून भावना आणि मी डबा एकत्र खातो. ती राहते नंदनवनला, मी प्रताप नगरला, म्हणजे शहराची दोन टोकं. आमचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपुरात आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी करत राहिलं. आमच्या घरी ऱ्हस्व-दीर्घ कुळाचारासारखं पाळतात. तिच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि लगेच मुलाला शाळेत घातलं. तो मुलगा म्हणजे तिचे वडील, नत्थूजी. पुढे ते एका गिरणीत बॉयलरवर लागले. लहानपणी भावना त्यांचा डबा घेऊन जायची. आत सोडत नसत, म्हणून दारातूनच ती दाबाच्या काट्याकडे बघत बसे. काटा हलला की बाबांना ओरडून सांगायचं, हे तिने स्वतःच स्वतःला दिलेलं काम. बहुतेक दिवस तो हलायचाच नाही. "पण आत पाणी उकळून राहायचं ताई, केवढं तरी!" हे सांगताना अजूनही तिचे डोळे कुठेतरी लांब जातात आणि हातातला घास हातातच राहतो.

एमएस्सी झाल्यावर तिला कॉलेजात नोकरी लागली होती. ती तिने दोन वर्षांत सोडली. "तिथल्या पोरांना सगळं आधीच माहीत होतं," एवढंच कारण ती सांगते. मला ते कारण अजिबात पटत नाही आणि दुसरं तिने कधी सांगितलं नाही. मग ती आमच्या शाळेत आली आणि तिने मागून घेतला तो हा वर्ग. कुणाला अक्षरं जागच्या जागी दिसत नाहीत, कुणाला घंटेचा आवाज सोसत नाही, कुणाच्या डोक्यात राग असा भरलेला की बाकं उलटी होतात. कागदावर त्यांना 'विशेष गरजा असलेले विद्यार्थी' म्हणतात. भावना त्यांना 'आमचे लोक' म्हणते.

शिकवायची तिची एक तऱ्हा आहे. ती कुणालाही 'बरोबर' म्हणत नाही आणि 'चूक'ही म्हणत नाही. "पुन्हा पाहू," म्हणते. रोशन नावाच्या मुलाने एकदा सांगितलं, खिळा बुडतो कारण त्याला पाणी आवडत नाही. "पुन्हा पाहू," म्हणत तिने अख्खा आठवडा पाण्यात काय काय टाकलं. शेवटी रोशनच कंटाळून म्हणाला, आवडीनिवडीचं काही दिसत नाही बा यात. तिच्या खिडकीत तुरटीच्या पाण्यात दोरे सोडलेल्या बाटल्या असतात आणि त्या दोऱ्यांवर तीन-तीन आठवडे खडे वाढत असतात. ओला रुमाल वाळताना बघण्यात एक तास जातो. त्या खोलीत वेळ जरा जाड होतो, मधासारखा. तपासणीला येणाऱ्या माणसांना वाटतं इथे काहीच चाललेलं नाही. पहिली दोन वर्षं मलाही तसंच वाटत होतं.

उन्नती त्या खोलीत आली ती नववीत, जुलै महिन्यात. आधीच्या शाळेत तिला उभं करून धडा वाचायला लावत आणि वर्ग हसत असे. मग तिने शाळेत जाणंच सोडलं होतं. वर्षभर घरी होती. तिची आजी सिंधूताई मूळची भिवापूरची, तिथे मिरच्यांची देठं खुडण्यात अर्धा जन्म गेलेला. आता नंदनवनात चार घरी पोळ्या करते. तिने नातीला हाताला धरून आणलं, आणि आजीची पाठ वळताच उन्नती प्रयोगाच्या टेबलाखाली जाऊन बसली. तिथे ती जवळजवळ दोन महिने बसली.

भावनाने तिला बाहेर ये म्हटलं नाही. तिने टेबलाखाली एक तापमापी ठेवली. रोज तास सुरू झाला की वाकून विचारायची, "खाली किती आहे वं?" उत्तर नाही. "बरं," म्हणून ती पुढे शिकवायची. पाचव्या आठवड्यात खालून आवाज आला, "सव्वीस."

"वर अठ्ठावीस आहे," भावना म्हणाली. "काहून असेल?"

त्या दिवशी वर्गातली सगळीच मुलं टेबलांखाली शिरली होती. मुख्याध्यापकांनी नेमकं तेव्हाच दार उघडलं. नंतर त्यांनी भावनाला बोलावून विचारलं की या मुलीची प्रगती काय. तिने दिलेलं उत्तर मी स्वतः ऐकलं आहे. "सर, बर्फाले उष्णता देऊन राहिलो तं सुरुवातीले काटा हलत नाही. म्हणजे आत काही जाऊन नाही राहिलं असं नसते. त्याले अप्रकट उष्मा म्हणतात. दहावीच्या पुस्तकात आहे." सरांनी पुस्तक मागवून घेतलं आणि विषय तिथेच मिटला.

दहावीत गेल्यावर मात्र तो मिटण्यासारखा राहिला नाही. परीक्षेचे अर्ज भरायची वेळ आली. अशा मुलांना विज्ञान झेपत नसेल तर त्याऐवजी दुसरा, सोपा विषय घेता येतो. ही सवलत चांगली आहे, तिने कितीतरी मुलांना तारलं आहे. उन्नतीचं वाचन बघता तिनेही ती घ्यावी असं सगळ्यांचं मत पडलं. सिंधूताईला बोलावून सांगितलं तर ती पदराला हात पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पोरगी शाळेत येते ते या एका खोलीसाठी येते. सायन्स गेलं तं ती घरीच बसन. मंग कोन्ताच विषय नाई." खरंच होतं ते. विज्ञानाचा तास नसलेल्या दिवशी उन्नती अजूनही येत नसे.

शेवटी ठरलं की बाहेरून एक तज्ज्ञ येतील, मुलीची प्रयोगवही बघतील, तिच्याशी बोलतील आणि त्या म्हणतील तसं अर्जात लिहायचं. तारीख पडली दिवाळीनंतरच्या पहिल्या गुरुवारची.

आता माझं पाप सांगते. उन्नतीची वही भयंकर होती. 'द' आणि 'ध' यांच्यात काही फरक असतो हे तिला मान्य नव्हतं, काने भलत्याच अक्षरांना टेकलेले, रेघा उतरत उतरत कोपऱ्यात गेलेल्या. तिला परीक्षेत लेखनिक मिळणार होता, म्हणून वही दुसऱ्याच्या अक्षरात असली तरी चालणार होती. मी भावनाला म्हटलं, दे, मी सुवाच्य उतरवून देते. मनापासून म्हटलं. मला त्या मुलीसाठी काहीतरी करायचं होतं आणि मला येतं ते एवढंच.

रविवारी दुपारी गॅलरीत बसून मी ती वही पुढ्यात घेतली. पहिल्याच पानावर बर्फाचा प्रयोग होता. दर मिनिटाला एक ओळ. 'शुन्य अंश. बर्फ वितळुन राहिला.' 'शुन्य अंश. बर्फ वितळुन राहिला.' असं अकरा वेळा. माझा लाल पेन आपोआप चालायला लागला. तीस वर्षं मी हे करत आले आहे. आमच्या पोरांच्या वह्यांत 'करून राहिलो, जाऊन राहिलो' भरलेलं असतं आणि मी ते खोडत असते. 'वितळून राहिला' यातला 'ऊन राहि' एवढा तुकडा खोडला की 'वितळला' उरतं, छान शुद्ध, शब्द नव्याने लिहायचे कष्टसुद्धा पडत नाहीत. शिवाय निरीक्षण भूतकाळात लिहावं हा माझा नियम. संध्याकाळपर्यंत सगळी वही मोत्यासारख्या अक्षरात तयार झाली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

गुरुवारी तज्ज्ञ आल्या. नीला मॅडम, शांत बाई, चार महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून नागपुरात बदलून आलेल्या. प्रयोगशाळेत भावना, उन्नती, मुलांच्या घोळक्यातून मुद्दाम थांबवून घेतलेला रोशन आणि मी. रोशनला यासाठी थांबवलं की तो जवळ असला की उन्नतीला बरं वाटतं. मी कशासाठी होते? वहीचं कौतुक ऐकायला.

नीला मॅडमनी वही उघडली. "अक्षर सुंदर आहे," म्हणाल्या. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "उन्नती, इथे दुसऱ्या मिनिटाला लिहिलंय, बर्फ वितळला. तिसऱ्या मिनिटाला परत बर्फ वितळला. आणि तापमान शून्यच. बर्फ वितळून गेल्यावर तापमान वाढायला हवं ना? आणि एकदा वितळलेला बर्फ पुन्हा कसा वितळेल?"

उन्नतीने मान खाली घातली. वहीकडे बघत म्हणाली, "मी असं नाई म्हनलं."

"मग हे तुझं निरीक्षण नाही?"

"नाई."

आणि ती टेबलाखाली गेली. वर्षभरात पहिल्यांदा. बाक सरकल्याचा आवाज झाला.

नीला मॅडमनी वही मिटली. त्यांना राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. हळू आवाजात त्या भावनाला म्हणाल्या, "आकडे पुस्तकातून उतरवून दिलेले दिसतात. मुलीला कळलेलं नाही. असं करून आपण तिचं भलं करत नाही हो." त्यांनी पर्समधून पेन काढलं.

भावनाने वही उचलून पान बघितलं. एकदा बघितलं, आणि तिला कळलं. मान वर करून तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. तिची अब्रू गेली होती, मुलीची शाळा चालली होती, आणि एका वाक्यात तिला दोन्ही वाचवता आलं असतं. "पुन्हा पाहू," असं म्हणाली फक्त, आणि दिव्याची वात वर करायला लागली.

मी उठून उभी राहिले. "माझी चूक आहे," मी म्हणाले. "तिने लिहिलं होतं, बर्फ वितळून राहिला. आमच्याकडे त्याचा अर्थ वितळतो आहे, वितळणं चालू आहे. मी त्याचं वितळला केलं. अकरा वेळा केलं. सुधारायचं होतं तर 'वितळत आहे' लिहायला हवं होतं, तेवढंही मला सुचलं नाही. तिचं निरीक्षण खरं होतं, मी ते खोटं करून ठेवलं."

नीला मॅडम माझ्याकडे वळल्या. "वितळून राहिला म्हणजे वितळला आणि मग तसाच राहिला, असं मला वाटलं असतं," त्या म्हणाल्या.

"नाही ना," भावना म्हणाली. "बर्फ आहे का ताई? कोपऱ्यावर ज्यूसवाल्याकडे मिळन."

बर्फ आणायला मी गेले. छप्पन्नाव्या वर्षी, इस्त्रीची साडी नेसून, शाळेच्या मैदानातून पळत. ज्यूसवाल्याने कॅरीबॅगमध्ये बर्फ फोडून दिला. पिशवी फाटकी निघाली. परत येताना थंड पाणी निऱ्यांवर ठिबकायला लागलं, मैदान संपता संपेना, दुपारचं ऊन झाडांखाली सांडून पडलेलं, कुठल्याशा वर्गात पाढे चाललेले, आणि मी पिशवी छातीशी धरून स्वतःशीच मोठ्याने म्हणत होते, "अरे देवा, वितळून राहिला! वितळून राहिला!" माझ्याच कानांनी ते ऐकलं. दुसरा कुठलाही शब्द त्या वेळी माझ्या तोंडात आला नसता. बर्फ जात होता आणि अजून होता.

खोलीत भावना टेबलाखाली वाकून बोलत होती. काय बोलली ते मला माहीत नाही. मी बर्फ चंचुपात्रात ओतला, तिने तापमापी उभी केली, दिव्याची ज्योत बारीक केली, आणि थोड्या वेळाने उन्नती बाहेर आली. कुणाकडे न बघता पात्रासमोर बसली. रोशन घड्याळ घेऊन बसला. लिहायला मी बसले. भावनाने कोरी वही माझ्या पुढ्यात सरकवली.

"मिनिट," रोशन म्हणाला.

"शून्य," उन्नतीने सांगितलं. "वितळून राहिला."

मी लिहिलं. जसंच्या तसं.

"मिनिट."

"शून्य. वितळून राहिला."

हळूहळू ती खोली नेहमीसारखी झाली. ज्योतीचा बारीक आवाज येत होता. बर्फाचे तुकडे एकमेकांवर घसरत, किणकिण करत, पुन्हा स्थिर होत. उन्नती काचेच्या कांडीने हलके ढवळत होती आणि पात्रातला उजेड तिच्या हनुवटीवर हलत होता. खालून सारखी ऊब जात होती आणि लाल रेघ जागची हलत नव्हती. नीला मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. सहाव्या मिनिटाला त्यांनी चष्मा पुसला, आठव्याला पेन बंद करून पर्समध्ये टाकलं.

"हिचं विज्ञान राहू द्या," त्या भावनाला म्हणाल्या. "मी तसं लिहून देते." मग घड्याळाकडे बघून उठायला लागल्या. भावनाने तोंडावर पदर धरला. मी ओळखते तिला, रडायच्या आधी ती तसं करते.

उन्नतीने मान वर केली नाही. "बसा," ती म्हणाली. "झालं नाई अजून."

आणि नीला मॅडम बसल्या.

"मिनिट."

"शून्य. वितळून राहिला."

आता पात्रात मला काहीच दिसत नव्हतं, नुसतं पाणी. मला वाटलं, चुकली पोरगी. मी वाकून बघितलं. तापमापीच्या टोकाशी नखाएवढी बर्फाची एक कपची होती, पाण्याच्याच रंगाची. ती फिरत होती, बारीक होत होती. आम्ही पाचही जण डोकं डोक्याला लावून तिच्याकडे बघत होतो.

"मिनिट," रोशन अगदी हळू म्हणाला.

उन्नतीने पुन्हा एकदा ढवळलं. ती बघत राहिली. मग कांडी खाली ठेवून तिने थेट माझ्याकडे बघितलं.

"आता लिहा, मॅडम," ती म्हणाली. "वितळला."

मी लिहिलं. 'ळ' नीट आला नाही. तिने वही स्वतःकडे ओढली, त्या शब्दाखाली बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मान हलवली, आणि पुढच्या मिनिटासाठी तापमापीकडे वळली.